पाट कुणी घासला?

पेणमध्ये हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश पेपर मागितला की दुकानदार विचारतो, “मूर्तीला की लाकडाला?” दुसऱ्या गावात हा प्रश्न कुणी विचारणार नाही. तिथे पॉलिश पेपर सुताराला लागतो, फार तर रंगाऱ्याला. पेणमध्ये मात्र वर्षातले कितीतरी महिने गणपतीच घासले जात असतात. शहरातल्या आळ्या आणि आजूबाजूची हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे ही गावं या धंद्यावर उभी आहेत. साच्यातून निघालेली मूर्ती काही लगेच देवासारखी दिसत नाही. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे मालाची एक शीर उभी राहिलेली असते, सोंडेच्या वळणात बुडबुड्यांची भोकं असतात. ती बुजवायची, शीर खरवडायची, पॉलिश पेपर मारायचा, मग पांढरा हात, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी आखणी, म्हणजे डोळे. आखणी करणाऱ्याचा मान मोठा आणि मजुरीही मोठी. घासणाऱ्याला कुणी विचारत नाही. पण डोळे कितीही जिवंत उतरले आणि खाली गालावर ओरखडा राहिला, तर गिऱ्हाईक ओरखडाच बघतं.

कारखानेवाल्यांच्या घरातल्या पोरांना ही साखळी कुणी बसवून शिकवत नाही. मूर्तीच्या कामाच्या जागेला आमच्याकडे कारखानाच म्हणतात, मग तो घराच्या ओटीवर का असेना. येता-जाता पोरं बघतात. शाडूचा गोळा हाताला लागला की मोदक वळतात, मोदक साधला की उंदराच्या मागे लागतात. मी पाहिलेल्या एका घरात अशा पोराचा उंदीर मोठ्यांच्या मूर्तींशेजारीच फळीवर वाळत ठेवला होता. “छान हं” म्हणून कोपऱ्यात ठेवून दिलेला नव्हता. शेपूट जाड झालं होतं म्हणून त्याच्या काकानं ते काढून परत करायला लावलं होतं.

तो काका मला फार महत्त्वाचा वाटतो. शेपूट जाड आहे हे त्यानं पोराला सांगितलं, म्हणजे पोराचं काम त्यानं काम म्हणून धरलं. पुढे जी हकिकत सांगायची आहे ती मूर्तीची नाही, लाकडाची आहे, आणि पेणची कमी, रोह्याची जास्त आहे. पण तिच्यात मला जे दिसलं ते या शेपटीपासूनच सुरू होतं.

गेल्या दिवाळीच्या आधी माझ्या भाचीनं पाट करायचं काढलं. ती रोह्याला, कुंडलिकेच्या पलीकडे अष्टमीत राहते. तेव्हा आठ वर्षांची होती, तिचा भाऊ पाचाचा. पेणला त्यांच्या मामाला त्याच वर्षी मुलगा झाला होता, त्यामुळे भाचीला ओवाळायला नवाकोरा मामेभाऊ मिळाला. भाऊबीजेला ओवाळणी भावानं घालायची हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण जेमतेम बसायला लागलेलं बाळ काय घालणार? तेव्हा तिनं व्यवहारच उलटा केला. “मावशी, त्याला बसायला त्याच्या मापाचा पाट नको का? मामाकडचे पाट केवढे उंच आहेत, तो घरंगळेल.”

ताईनं, म्हणजे तिच्या आईनं, लगेच मोबाईलवर शोधलं. तयार पाट, वर बाळाचं नाव कोरून, चार दिवसांत घरपोच.

“मग त्यात आपण काय केलं?” भाचीनं विचारलं.

“पैसे भरले,” ताई म्हणाली.

हे उत्तर भाचीला पटलं नाही. भाच्याला तर पाटच पटला नव्हता. त्याला लाकडाची गाडी करायची होती, आणि ती बाळाला द्यायची की स्वतःला ठेवायची हा प्रश्न त्यानं खुला ठेवला होता.

त्याचं अगदीच चुकत नव्हतं. मुलांना लाकडाची वस्तू द्यायची म्हणजे खेळणंच द्यायचं, हा रिवाज आपल्याकडे जुना आहे. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून तो चालत आल्याचं सांगतात. मुलं लाकडाचे बैल सजवून, चाकांवर ओढत घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेऊन येतात. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडाची आंबे-केळी आणि भातुकली अजून मिळते. पांगाऱ्याचं हलकं लाकूड तिथे त्यासाठीच वापरत आले. पण बैल काय, भातुकली काय, मोठ्यांनी करायची आणि लहानांच्या हातात ठेवायची. फ्रीड्रिश फ्रोबेल या जर्मन शिक्षकानं १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी संस्था काढली आणि लाकडी गोल, घन, नळकांडी यांचे संच मुलांच्या हातात दिले, तेही तसेच: सुतारानं घासूनपुसून तयार केलेले. आपल्या भाचीचा बेत याच्या पुढचा होता. करणारंही मूल आणि घेणारंही मूल.

रोह्यात फुकटच्या लाकडाचा विषय निघाला की आधी धाटाव आठवतं. तिथल्या एमआयडीसीत यंत्रं आणि माल ज्या खोक्यांतून, ज्या लाकडी पॅलेटवरून येतो ती नंतर भंगारात जातात. परदेशी पाईन, नरम, खिळा सहज जातो, लहान हातांना करवत ओढता येते. पण हे लाकूड मुलांच्या हातात देण्याआधी त्यावरचा शिक्का वाचावा. परदेशातून आलेल्या लाकडी पॅकिंगवर गव्हाच्या लोंबीचं चित्र आणि शेजारी अक्षरं असतात. ‘एचटी’ म्हणजे लाकूड तापवून कीडमुक्त केलेलं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते मुलांच्या कामाला नको. आणि शिक्का कसलाही असो, रासायनिक कारखान्याच्या आवारात पडलेल्या पॅलेटवर काय सांडलं होतं हे शिक्का सांगत नाही. धाटाव ही रसायनांची वसाहत आहे, त्यामुळे मी तो विचार सोडला. जिथे बाळ बसणार आणि पहिली काही वर्षं बहुधा चाटणारही, तिथे फुकटचं लाकूड महाग पडतं.

वखारीत सागाच्या फळीचा भाव ऐकून बाहेर आले. शेवटी फळी मिळाली ती अष्टमीतल्याच एका सुतारकाकांकडे. फणसाची होती, कुठल्याशा मोडलेल्या घराच्या सामानातून आलेली, वरून काळपट. काकांनी कडेला रंध्याचा एक हात मारला आणि आतून हळदीसारखी पिवळी निघाली. भाचा पहिल्यांदाच गप्प झाला. फणसाचं लाकूड असंच असतं. ताजं रंधलं की पिवळंधमक, मग उजेडानं आणि वर्षांनी तांबूस तपकिरी होत जातं. वीणा आणि मृदंग त्याचेच होतात, बौद्ध भिक्षूंची चीवरं रंगवायला त्याचाच भुसा उकळत आले आहेत, आणि वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. आता असं जुनं लाकूडच शोधावं लागतं. राज्यात १९६४ पासून वृक्षतोडीचा कायदा आहे आणि आपल्या परड्यातलं झाड असलं तरी कित्येक जातींना परवानगी लागते. ते बरंच आहे. फणस पाडून पाट करण्याइतकी कुणाची भाऊबीज मोठी नसते.

फणसावरून पेण तालुक्यातल्या माणसाला विनोबा आठवले नाहीत तर नवल. गागोदे बुद्रुक हे त्यांचं जन्मगाव, ११ सप्टेंबर १८९५. कुटुंब बडोद्याला गेलं तोवरचं लहानपण याच डोंगराकडेच्या गावात गेलं. त्यांनी आपल्या आईच्या, रुक्मिणीबाईंच्या, अनेक आठवणी सांगितल्या आहेत. त्यातली एक अंगणातल्या फणसाची. फणस धरला की पोरांचा धोशा सुरू, कधी खायचा. तो पिकला की आई गरे काढून द्रोण भरायची आणि आधी शेजारच्या घराघरांत मुलांच्या हातूनच पोचते करायची. मग मुलांना पुढ्यात बसवून त्यांचा वाटा द्यायची. ही गोष्ट सांगताना लोकांचा भर आईच्या शिकवणीवर असतो. मला त्यातली मुलांची पायपीट जास्त दिसते. द्रोण आईनं स्वतः नेऊन दिले असते तर विन्याच्या लक्षात काय राहिलं असतं? देण्यातलं काम त्याच्या पायांनी केलं होतं.

पुढे हाच माणूस मुलांच्या हाताला काय काम द्यावं याचा राष्ट्रीय पातळीवर विचार करायला बसला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकारानं शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि तिच्या सभासदांत विनोबा होते, काकासाहेब कालेलकर होते, जे. सी. कुमारप्पा होते. नई तालीमचा अभ्यासक्रम या समितीनं आखला. मूलोद्योग म्हणून सूतकताई-विणकाम, शेती, बागकाम, चामड्याचं काम यांच्याबरोबर सुतारकामही होतं. कल्पना अशी की गणित, भाषा, शास्त्र हे उद्योगाच्या पोटातून यावं. फळी कापायची तर माप आलं, माप आलं की अपूर्णांक आला. मुलांनी केलेल्या मालाच्या विक्रीतून शाळेचा काही खर्च निघावा, अशीही गांधीजींची अपेक्षा होती. त्यावर परिषदेतच अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी हरकत घेतली. शाळा स्वतःचा खर्च काढायला लागली की तिचा कारखाना व्हायला वेळ लागत नाही, ही ती भीती.

ती भीती पेणमध्ये आजही खोटी नाही. घरच्या कारखान्यात मूल हात लावतं तेव्हा शिकणं कुठे संपतं आणि राबणं कुठे सुरू होतं? कायद्यानं एक रेघ मारून ठेवलेली आहे. बालकामगारांविषयीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवता येत नाही, पण शाळा सुटल्यावर किंवा सुटीत, धोका नसलेल्या घरच्या धंद्यात त्यानं मदत करायला हरकत नाही. कागदावर हे सरळ दिसतं. हंगामाच्या शेवटच्या पंधरवड्यात, गणपती तोंडावर आलेले, टेम्पो दारात उभा, आणि घरातलं प्रत्येक माणूस जागरणं काढतंय, तेव्हा ‘मदत’ किती ताणली जाते हे ज्याचं त्याला ठाऊक. शाडूत हात घालणं वेगळं आणि प्लॅस्टरची धूळ नाकातोंडात जाणं वेगळं, एवढा विवेक तरी घरानं ठेवावा. माझ्या मते ओळखायची खूण साधी आहे. मुलाला मधेच “कंटाळा आला” म्हणून उठता येतं का? येत असेल तर ते शिकतंय.

भाचा उठून जायचा. दर थोड्या वेळानं जायचा. म्हणजे तो शिकतच होता म्हणायचा.

काकांची कामाची जागा म्हणजे घराशेजारची एक पत्र्याची पडवी. एके काळी नांगर आणि बैलगाड्या करत, आता पावसाळ्यात फुगलेली दारं तासून देणं आणि जुन्या खाटा सांधणं, यावर त्यांचं चालतं. नव्या घरांतलं फर्निचर प्लायवूडचं, आणि ते करणारे मला भेटलेले कारागीर राजस्थानातले, नाहीतर उत्तर प्रदेशातले. काकांनी कामाची वाटणी पहिल्या दिवशीच करून टाकली. करवत आणि पटाशी त्यांची. माप आणि खुणा भाचीच्या. घासणं दोघांचं: वरची बाजू भाचीची, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘ताई’ची, खालची ‘दादा’ची. पाच वर्षांच्या माणसाला ‘दादा’ म्हटल्यावर तो जरा ताठ झाला, पण वाटणी ऐकून बिनसला.

“खालची बाजू कोण बघतं?”

काकांनी त्याला समजूत म्हणून काही सांगितलं नाही, कारण सांगितलं. पाटाची वरची बाजू घासून तेल लावली आणि खालची तशीच कोरडी सोडली, तर कोरडी बाजू पावसाळ्याची हवा पिते, फुगते, आणि फळी होडीसारखी वाकते. बाळ पाटावर बसलं की पाट डुगडुगणार. “वरची बाजू लोकं बघनार, खालची जमीन बघनार. जमिनीला फसवता येत नाय.” भाच्यानं फळी उलटी करून बघितली आणि आपली बाजू ताब्यात घेतली.

लहान मुलांबरोबर काही करायचं तर त्यांच्या वाट्याला काय द्यायचं, हा सगळा प्रश्न आहे, आणि काकांनी तो दोन वाक्यांत सोडवला होता. शाळेत आमच्या वेळी कार्यानुभवाचा तास असायचा. आईस्क्रीमच्या काड्यांचं घर, लोकरीचा गोंडा, थर्मोकोलचा किल्ला. घर करायचे वडील, किल्ला करायची आई, आणि वर्गात मार्क मिळायचे ते आम्हाला. परीक्षा संपली की त्या वस्तू कपाटावर धूळ खात. त्या कुणाला हव्याच नव्हत्या, त्यामुळे त्या नीट झाल्या काय आणि बिघडल्या काय. राष्ट्रीय शिक्षण धोरणानं २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांना त्या काळात कधीतरी दहा दिवस दप्तराविना, गावातल्या सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे शिकायला पाठवायची सूचना केली, ती ऐकायला फार चांगली आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. एस. एस. कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तिथे तर मुलं गावाला लागणाऱ्या वस्तू खरोखर करून देतात, आणि तोच अभ्यासक्रम पुढे कितीतरी शाळांत गेला. पण सहावी ते आठवी म्हणजे मूल मोठं झालं. पाच आणि आठ वर्षांच्या हातांचं काय?

त्यांच्यासाठी काकांकडे हत्यारांची स्वतंत्र पायरी होती. सत्यनारायणाच्या पूजेनंतर उरलेला केळीचा खांब पडवीच्या कडेला पडला होता. भाच्यानं आधी त्यात चुका ठोकायच्या. केळीत चूक हलक्या ठोक्यानं जाते, वाकडी गेली तर उपटता येते, आणि हातोडी निसटली तर बोट वाचायची शक्यता बरी असते. चूक कशी धरायची हेही काकांनी दाखवलं: बोटांच्या चिमटीत नाही, कपडे वाळत घालायच्या चिमट्यात. भाचीला गिरमिट मिळालं. ते फिरवताना दोन्ही हात गुंततात, त्यामुळे तिसरा हात भोकाखाली जायचा प्रश्न येत नाही. लहानांना करवतीआधी गिरमिट द्यावं हे मला तिथे कळलं. फळी शिकंज्यात आवळलेली असेल तरच हत्यार हातात, हा एकच नियम होता आणि त्याला माफी नव्हती.

आता पाटाखालच्या पट्ट्यांचं. पाट म्हणजे एक फळी आणि खाली आडव्या दोन पट्ट्या, दिसायला एवढंच. मी आपली म्हटलं, फेविकॉल लावून चार स्क्रू मारले की झालं. काकांनी मान हलवली. लाकूड लांबीला जवळपास बदलत नाही, रुंदीला बदलतं. पावसाळ्यात फळी रुंदीला फुगते, दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत आकसते. खालच्या पट्ट्या नेमक्या रुंदीच्या दिशेनं जातात, म्हणजे फळी हलणार आणि पट्टी नाही. डिंकानं आणि खिळ्यांनी दोघींना जखडलं की एखाद्या मार्गशीर्षात रात्री ‘टक्’ असा आवाज येतो आणि फळीला उभी चीर पडते. म्हणून काकांनी फळीच्या खालच्या अंगाला दोन खोबणी घेतल्या, तोंडाशी अरुंद, आत रुंद. पट्टीची कडही तशीच तासली. पट्टी बाजूनं खोबणीत सरकवायची, मधोमध एकच चूक मारायची, आणि दोन्हीकडच्या फळीला हलायला मोकळीक ठेवायची. पट्टी आत ठोकायला लाकडी हातोडा भाचीच्या हातात दिला. पहिल्या ठोक्यांना ती इंचभर गेली आणि अडली. काकांनी काढायला लावली, खोबणीत पेन्सिल घासायला लावली, परत घालायला लावली. जिथे पेन्सिलचं शिसं पुसलं गेलं तिथे लाकूड अडतंय. तेवढंच पटाशीनं काढलं. असं तीन-चारदा झाल्यावर पट्टी सरसर आत गेली आणि भाची स्वतःशीच हसली. मधली सगळी खटपट काकांनी एकट्यानं केली असती तर चहा व्हायच्या आत संपली असती.

घासायचा कार्यक्रम मात्र लांबला. आधी ८० नंबरचा पेपर, मग १२०, मग २२०. भाचीला २२० नंबरचा मऊ पेपर आवडला, तिला सुरुवातच त्यानं करायची होती. काकांनी करू दिलं. खूप वेळ घासूनही करवतीच्या खुणा तशाच राहिल्या, तेव्हा ती आपणहून ८० नंबरकडे वळली. घासायचं ते लाकडाच्या रेषांच्या दिशेनं. आडवं घासलं तर तेव्हा काही दिसत नाही, पण तेल लावलं की एकेक ओरखडा वर येतो. भाच्यानं गोल-गोल घासलं होतं. काकांनी त्याच्या बाजूवर ओलं फडकं फिरवलं आणि त्याला जवळ बोलावलं. ओल्या लाकडावर सगळी चक्रं उमटली होती, आणि पाण्यानं लाकडाचे बारीक तंतू उभे राहून हाताला काटेरी लागत होते. वाळू दिलं, मग परत, या वेळी सरळ. त्या दिवशी तो उठून गेला तो परत आलाच नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून थेट पडवीत.

मला राहवेना. रविवारी तो बाहेर खेळत असताना त्याची बाजू आपण जरा घासून ठेवावी म्हणून मी पेपर उचलला. काका म्हणाले, “ठेवा. उद्या तो हात फिरवून बघेल.” मी ठेवला. भेट मुलांकडून करून घ्यायची आणि ती दुकानातल्यासारखीही दिसली पाहिजे, ही आपली मोठ्यांची हाव असते. मुलांना घाई असते, पण ही हाव नसते. तयार पाटाच्या खाली अजूनही डावीकडे एक वाटीएवढा भाग खरखरीत आहे.

पितळी फुल्या ही शेवटची चैन. पूर्वी लग्नामुंजीच्या पाटांना चांदीच्या, पितळेच्या फुल्या मारत. काकांच्या डब्यात थोड्या पितळी फुल्या निघाल्या. चार कोपऱ्यांना चार, आणि ठोकणार भाचा, कारण केळीच्या खांबावर त्याचा हात बसला होता. कडा बाळाला लागू नयेत म्हणून काकांनी प्रत्येक फुली नीट दाबून बोट फिरवून पाहिली. पाचवी फुली भाच्यानं पाटाखाली, पट्टीला मारली. का, ते त्यानं सांगितलं नाही.

तेलाचं एक सांगायला हवं, कारण इथे माणसं घोटाळा करतात. हार्डवेअरमध्ये मिळणाऱ्या उकळलेल्या जवसाच्या तेलात लवकर वाळावं म्हणून धातूंची संयुगं घातलेली असतात. बाळाच्या वस्तूला ते नको. घाण्यावरचं कच्चं जवसाचं तेल घ्यावं, पातळ हात द्यावा, पुसून काढावं, आणि वाळायला दिवसच्या दिवस जातात हे धरून चालावं. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळ्यातली ऊब बाहेर न पडल्यानं फडकं आपोआप पेटू शकतं. दोरीवर पसरून वाळवावं, मग टाकावं. काकांच्या पडवीतल्या भुशाच्या ढिगाशेजारी हे ऐकताना मला जास्तच पटलं.

पैशाचंही लिहिते. लाकडाचे पैसे काकांनी किरकोळच घेतले, वेळेचे पूर्ण घेतले. पोरं असली की काम दुपटीनं लांबतं आणि तेवढ्यात काकांची दोन दारं झाली असती. हे मला योग्य वाटलं. मुलांना शिकवणं म्हणजे म्हाताऱ्यांनी हौसेनं करायचं फुकट काम, असं आपण धरून चालतो. पैसे घेताना काका एक वाक्य बोलले ते मात्र माझ्या मनातून जात नाही. “माझी पोरं धाटावला कंपनीत हायेत. त्यांनी कधी रंध्याला हात लावला नाय, मीच लावू दिला नाय. तुमची हौसेनं लावतायत.” बलुतेदारीत सुताराच्या पोराला रंधा जन्मानं मिळायचा, आणि त्याबरोबर धान्याच्या खळ्यावर आपल्या वाट्याची वाट बघत उभं राहणंही मिळायचं. त्या पोरानं हत्यार खाली ठेवलं तो त्याचा सुटकेचा रस्ता होता. आमच्या मुलांना तेच हत्यार सुटीतलं शिक्षण म्हणून मिळतं. नई तालीमवाल्यांनी सगळ्या जातींच्या मुलांच्या हातात एकच उद्योग द्यायचं ठरवलं होतं, त्यामागे ही गोष्ट होतीच. काकांच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी नमस्कार केला आणि पाट पिशवीत घातला.

भाऊबीजेला ताई मुलांना घेऊन गाडीनं पेणला आली. निडी, नागोठणे, कासू, प्रत्येक स्टेशनावर भाचा पिशवीत हात घालून पाट आहे ना बघत होता म्हणे. मामीनं रांगोळी काढली, पाट मांडला, बाळाला त्यावर बसवून मागून धरलं. भाचीनं ओवाळलं. बाळानं निरांजनाकडे हात नेला, तो मामीनं धरला, मग त्यानं कोपऱ्यातली पितळी फुली पकडायचा प्रयत्न केला, ती निघत नाही म्हणून रडायला लागला. एवढाच सोहळा. नंतर पाट उलटा पडला होता आणि बाळ त्याच्या पट्टीला धरून उभं राहायची खटपट करत होतं. पट्टी जागची हलली नाही. भाची कौतुकानं नाही, तपासणीच्या नजरेनं बघत होती. भाचा प्रत्येक पाहुण्याला पाटाखालची पाचवी फुली दाखवत फिरत होता.

मामानं तिला ओवाळणी म्हणून पाकीट दिलं. तिनं उघडून बघितलं आणि विचारलं, “यात छोटा रंधा येईल?”

भाच्याची गाडी अजून बाकी होती. आता त्यानं गाडीचा पांगुळगाडा केला होता, म्हणजे ती बाळाला द्यायचं नक्की झालं. फेब्रुवारीत आम्ही काकांकडे शिवणीचं लाकूड नेलं, हलकं आणि कापायला सोपं. चाकं गोल करण्यात मार्च गेला, मग परीक्षा आली, मग मे महिन्यात काका मुलीकडे राहायला गेले. पांगुळगाडा पावसाच्या तोंडावर झाला. तोवर बाळ पळायला लागलं होतं. त्यानं पांगुळगाड्याच्या दांडीला अजिबात हात लावला नाही, त्यात आपल्या चपला आणि एक कांदा ठेवला आणि तो ढकलत मागच्या दारानं परड्यात घेऊन गेलं. भाच्याची हरकत एवढीच आहे की डावं चाक घासतं, आणि ते काढून परत करायचं म्हणून तो येत्या सुटीत आधी काकांकडे जाणार आहे.